‘अपघाताचा विषयच काढू नका’ हा सल्ला चुकीचा का?

कसारा घाटात अपघातातून वाचलेल्याच्या घरी नाशिकमध्ये हमखास सांगितलं जातं: विषय काढू नका, विसरेल. पहिल्या दिवसांत बोलण्याची बळजबरी नकोच, एवढंच त्यातलं खरं. पण दचकणं, दुःस्वप्नं, तो रस्ता टाळणं महिन्याहून जास्त टिकलं, तर आघातोत्तर तणाव (पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मनात टिकून राहणारा त्रास) असू शकतो. टाळण्याने भीती जपली जाते. धोका संपल्याचं मेंदूला अनुभवायलाच मिळत नाही. म्हणून यावरच्या थेरपीत, म्हणजे मानसोपचारात, साधारण ८ ते १५ सत्रांत, आठवण क्रमाने सांगायची असते. प्रवासही टप्प्याटप्प्याने: आधी पाथर्डी फाटा, मग घोटी, इगतपुरी, शेवटी घाट. भीती ओसरण्याआधीच गाडी वळवली, तर ती उलट पक्की होते. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी हे सुटत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत बोलता येतं.