लाजेच्या आठवणी लांब का जातात?

समजा, गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याच्या गडकरी रंगायतनात तुमच्या एकांकिकेला भरभरून टाळ्या मिळाल्या. पुढच्याच आठवड्यात ऐरोलीतल्या मुलाखतीत साध्या प्रश्नावर तुमची त-त-प-प झाली. मुलाखत नंतरची. तरी नाटक ‘अगदी परवाचं’ वाटतं आणि मुलाखतीचा विषय निघाला की तोंडून येतं, ‘कधीची गोष्ट काढलीस!’

ॲन विल्सन आणि मायकेल रॉस या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी हेच अंतर मोजलं. २००२च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलं की, उलटलेला काळ सारखाच असूनही विद्यार्थ्यांना कमी गुणांचा विषय चांगल्या गुणांच्या विषयापेक्षा दूरचा वाटतो. स्वतःबद्दल चांगलं मत असणाऱ्यांत हा कल ठळक होता. ओळखीच्यांच्या अपयशाबाबत मात्र तो दिसला नाही, आणि खरी मेख इथेच आहे. नुसती स्मरणशक्ती दगा देत असती, तर त्यांचं अपयशही लांब गेलं असतं.

मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली मनाच्या बचावयंत्रणांची सविस्तर मांडणी केली. दडपणं, नाकारणं हे त्यातले ओळखीचे प्रकार. इथे मन काहीच नाकारत नाही. तारीखसुद्धा बरोबर सांगतं. फक्त ‘तेव्हाचा मी’ आणि ‘आजचा मी’ यांत मोकळी जागा वाढवतं. म्हणूनच हा बचाव पकडायला फार कठीण.

घरी करून बघा. दोन चिठ्ठ्यांवर १०-१० सेंटिमीटरची रेघ ओढा. डावं टोक ‘आत्ताच घडलं’, उजवं ‘फार जुनं’. एकाच महिन्यातला एक अभिमानाचा आणि एक खजील करणारा प्रसंग निवडा. पहिली खूण करून चिठ्ठी उलटी ठेवा, मग दुसरी करा. शेवटी डाव्या टोकापासून प्रत्येक खूण किती मिलिमीटरवर आहे ते पट्टीने मोजा. आधी तारखांचा हिशोब केलात तर प्रयोग फसतो, कारण मग खूण गणिताने पडते. चारचौघांत शंभरदा सांगितलेला किस्साही नको. सांगून सांगून तो ताजाच राहतो. अर्थात एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच जोड्या घ्या.

अपघात, अत्याचार असे प्रसंग मात्र यात अजिबात घेऊ नका. मोठ्या आघातात उलटं होऊ शकतं: घटना मागे सरकतच नाही, वर्षांनंतरही आत्ता घडतेय असं वाटून छाती धडधडते. तसं होत असेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.