होंडा सीआर-व्ही

सीआर-व्ही ही जपानच्या होंडा कंपनीची कौटुंबिक वापराची क्रॉसओव्हर एसयूव्ही असून १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ती जपानमध्ये विक्रीस आली. आजवर तिच्या सहा पिढ्या झाल्या आहेत. ट्रकप्रमाणे स्वतंत्र चौकटीवर बांधलेल्या जीपवजा गाड्यांचा उंचपणा आणि साध्या मोटारीचा सुखद प्रवास एकाच गाडीत मिळावा, या विचाराने होंडाने ती आपल्या सिव्हिक मोटारीच्या पायावर उभी केली. टोयोटाची रॅव्ह-फोर १९९४ मध्येच बाजारात आली होती, त्यामुळे कल्पना अगदी नवी नव्हती. मात्र कुटुंबाच्या सोयीचा बारकाईने केलेला विचार हे सीआर-व्हीचे पहिल्यापासूनचे बलस्थान ठरले.

पहिल्या पिढीत २.० लिटरचे पेट्रोल इंजिन होते. स्वयंचलित गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर बसवल्यामुळे पुढच्या दोन आसनांमधली जागा मोकळी राहिली आणि तिथून मागे जाता येऊ लागले. डिकीच्या तळाची फळी बाहेर काढून पाय उघडले की तिचे सहलीचे टेबल होई. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असे, दार बाजूला उघडे आणि त्यावरची काच वेगळी वर उचलता येई.

या गाडीची चारचाकी चालना, म्हणजे इंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरवण्याची रचना, विशेष उल्लेखनीय आहे. मागच्या डिफरन्शिअलपाशी (डाव्या-उजव्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या दंतचक्रांच्या जोडणीपाशी) दोन तेलपंप बसवलेले असत. एक पुढच्या चाकांच्या गतीने फिरे, दुसरा मागच्या. दोन्ही गती सारख्या असेतो तेल एका पंपाकडून दुसऱ्याकडे नुसते खेळत राही. पुढची चाके घसरून अधिक वेगाने फिरू लागली की तेलाचा दाब वाढे, त्या दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जात आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोहोचे. चालकाला काहीच करावे लागत नसे. पुढचे चाक घसरल्यावरच मागचे जागे होत असल्याने खडकाळ आडवाटांना ही रचना तोकडी पडे, परंतु ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावरून मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यासाठी ती पुरेशी आणि वजनाने हलकी होती. चौथ्या पिढीपासून हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे गेले.

२००१ मधील दुसऱ्या पिढीने हेच रूप कायम ठेवून आतील जागा वाढवली. खरा बदल २००६ च्या तिसऱ्या पिढीत झाला. स्टेपनी डिकीच्या तळाखाली गेली, मागचे दार वर उघडू लागले आणि सहलीचे टेबल नाहीसे झाले. जुन्या चाहत्यांना ते रुचणे कठीण होते, पण बाजारहाट करून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणाऱ्याला, विशेषतः मागे जागा कमी असलेल्या वाहनतळावर, वर उचलले जाणारे दारच सोयीचे असते. २००७ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपाची एसयूव्ही होण्याचा मान सीआर-व्हीला मिळाला. पहिल्या चार पिढ्यांत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सुमारे २,६२० मिलिमीटरच राहिले. जागा वाढली ती मुख्यतः आतल्या मांडणीतून.

२०१६ मध्ये सादर झालेल्या पाचव्या पिढीत हे अंतर सुमारे २,६६० मिलिमीटर झाले, काही देशांत आसनांची तिसरी रांग आली आणि १.५ लिटरचे टर्बो इंजिन मिळाले. थंड हवामानात, छोट्या छोट्या फेऱ्यांत या इंजिनाच्या तेलात पेट्रोल मिसळत असल्याच्या तक्रारी चीन व उत्तर अमेरिकेत आल्या आणि होंडाला त्यावर उपाययोजना करावी लागली. याच पिढीत इंजिनाच्या जोडीला दोन विद्युत मोटरी असलेली हायब्रिड रचनाही आली. तिच्यात इंजिन बहुतेक वेळ वीज निर्माण करते आणि महामार्गाच्या वेगाला क्लचद्वारे थेट चाकांना जोडले जाते.

भारतात सीआर-व्ही २००३ मध्ये आयात होऊन आली. चौथ्या पिढीची जुळणी ग्रेटर नोएडा येथे होऊ लागली. २०१८ च्या पाचव्या पिढीत इथल्या ग्राहकांना प्रथमच डिझेल इंजिन आणि सात आसने मिळाली. तोवर मोठ्या एसयूव्हीच्या भारतीय बाजारात डिझेलचाच वरचष्मा असल्याने हा पर्याय फार उशिरा आला असे म्हणावे लागते. २०२० च्या अखेरीस ग्रेटर नोएडातील मोटारउत्पादन थांबले आणि सिव्हिकबरोबर सीआर-व्हीही भारतीय बाजारातून गेली.

सहावी पिढी २०२२ मध्ये आली. तिच्यावर आधारित, हायड्रोजनच्या इंधनघटावर (हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या साधनावर) चालणारी आणि घरच्या विजेवरही बॅटरी चार्ज करता येणारी आवृत्ती २०२४ पासून अमेरिकेतील ओहायो राज्यात तयार होऊ लागली.