अ‍ॅल्युमिनियमची चकाकी नेमकी कुठे असते?

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा असलेली, बर्फावर धावणारी मोटरसायकलच म्हणा. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात, स्कँडिनेव्हियात ती हिवाळाभर पळते. बर्फ वितळला की हौशी मंडळी तिचं इंजिन पूर्ण खोलून बसतात. पिस्टन, सिलिंडर हेड, क्रँककेस, सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. हे भाग धुऊन, घासून, आरशासारखे चकचकीत करणं हा त्या कामातला सगळ्यांचा आवडता भाग असतो.

या पॉलिशबद्दल दोन समजुती मला पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली, पॉलिश म्हणजे मळ काढून धातूची आतली मूळची चमक बाहेर आणणं. दुसरी, इंजिनाचे पोर्ट, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा, आतून आरशासारखे केले की ताकद वाढते. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: खडबडीत म्हणजे किती खडबडीत, आणि कोणासाठी?

आधी पॉलिश म्हणजे काय ते पाहू. न्यूटनने सांगून ठेवलं होतं की काच घासून गुळगुळीत करताना आपण तिचे चरे नाहीसे करत नाही, फक्त इतके बारीक करतो की ते डोळ्यांना दिसत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बिल्बी या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने वेगळं मत मांडलं. घासताना धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि खड्डे भरून काढतो, असं त्याचं म्हणणं होतं. ही कल्पना बराच काळ टिकली. पुढे १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियन धातुशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅम्युअल्स यांनी काळजीपूर्वक प्रयोग करून दाखवलं की बारीक पावडरने पॉलिश होताना मुख्यतः कापलंच जातं. प्रत्येक कण म्हणजे एक इवलीशी पटाशी. (बफच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी, चाकावर जोर देऊन दाबलं तर वरचा थर थोडा लोळतो, पसरतो हेही खरं. पण मुख्य काम कापण्याचं.)

म्हणूनच घासायच्या पेपरचे नंबर एकेक पायरी चढत जावे लागतात. ४०० नंबरच्या पेपरवरचा कण सुमारे ३५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १२०० नंबरचा सुमारे १५, २०००चा सुमारे १०. प्रत्येक पायरीचं काम एकच: आधीच्या पायरीचे चरे पूर्ण खोडायचे आणि स्वतःचे, आणखी उथळ चरे सोडायचे. मधली पायरी गाळली की जुना खोल चरा तसाच राहतो, आणि बफिंगनंतर तो चकचकीत तळाचा चरा होऊन आणखी ठळक दिसतो. चिंधी काळी पडते ती मळामुळे नव्हे. ती कापून निघालेल्या धातूची पूड असते. इतक्या बारीक कणांच्या गर्दीत शिरलेला प्रकाश कणाकणावर आपटत शोषला जातो, म्हणून तोच चांदीसारखा धातू काळा दिसतो. चिंधी काळी होतेय म्हणजे काम चालू आहे.

आता माझा आवडता भाग.

आरसा म्हणजे काय? एका दिशेने आलेला सगळा प्रकाश एकाच दिशेने परत पाठवणारा पृष्ठभाग. प्रकाश ही लाट आहे. हिरव्या प्रकाशाच्या लाटेची लांबी सुमारे ५५० नॅनोमीटर, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनहून किंचित जास्त. पृष्ठभागावर एक खड्डा आहे असं समजा. खड्ड्याच्या तळावरून परतणाऱ्या लाटेला काठावरच्या लाटेपेक्षा दुप्पट खोलीइतकं जास्त अंतर कापावं लागतं, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. खड्डा साधारण १३७ नॅनोमीटर खोल असेल तर हे जादा अंतर बरोबर अर्ध्या लाटेइतकं होतं. एकीचा उंचवटा येतो तिथे दुसरीचा खळगा येतो आणि त्या दिशेने दोघी एकमेकींना पुसून टाकतात. ऊर्जा मात्र नाहीशी होत नाही, ती इतर दिशांना पांगते. पृष्ठभाग उजळ दिसतो पण त्यात चेहरा दिसत नाही. पेपर मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा तो दुधाळ पांढरेपणा म्हणजे हा पांगलेला प्रकाश.

याचा हिशेब मांडता येतो. सरासरी उंचसखलपणाला ४π ने गुणायचं, लाटेच्या लांबीने भागायचं, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा, आणि त्या वर्गाच्या प्रमाणात आरशासारखं परावर्तन घातांकी वेगाने घटतं. उंचसखलपणा १०० नॅनोमीटर असेल तर परत येणाऱ्या प्रकाशापैकी एक टक्काही आरशाच्या दिशेने जात नाही. ५० नॅनोमीटरला सुमारे २७ टक्के, २० नॅनोमीटरला सुमारे ८१ टक्के, आणि ५ नॅनोमीटरला जवळजवळ ९९ टक्के. म्हणूनच तासन्‌तास घासून काही बदललेलं दिसत नाही आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत अचानक चेहरा उमटतो. त्यात जादू काही नाही, ती घातांकी आलेखाची उतरण आहे.

याच सूत्रातून आणखी दोन गोष्टी निघतात. सूत्रात लाटेची लांबी भाजकात आहे, त्यामुळे लांब लाटेचा लाल प्रकाश आधी नीट परततो आणि निळा मागे राहतो. उंचसखलपणा ५० नॅनोमीटर असताना लाल प्रकाश सुमारे ३९ टक्के, तर निळा जेमतेम १४ टक्के. अर्धवट पॉलिश झालेल्या भागात पांढऱ्या दिव्याचं प्रतिबिंब किंचित तांबूस दिसतं ते यामुळे. दुसरी गोष्ट तिरप्या नजरेची. नजर जितकी तिरपी, तितका दोन लाटांमधला अंतराचा फरक कमी. त्यामुळे तिरपा धरला तर कच्चा पृष्ठभागही आरसा वाटतो. कामाची परीक्षा समोरून, सरळ बघूनच करावी.

इतकं करूनही ओतीव इंजिनाचा भाग चांदीसारखा होत नाही. ओतकामाच्या मिश्रधातूत सिलिकॉन असतं. पिस्टनच्या मिश्रधातूत तर सहसा ११ ते १३ टक्के. हे सिलिकॉन कठीण, करड्या कणांच्या रूपात मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतलेलं असतं. बफ मऊ भाग जास्त खातो, कठीण कण वर उरतात, आणि पुन्हा बारीक उंचसखलपणा तयार होतो. शिवाय ओतताना अडकलेल्या वायूची बारीक भोकं घासताना उघडी पडतात. हा कारागिराचा दोष नव्हे.

चकाकी टिकते कशी? घासलेल्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर क्षणार्धात त्याच्याच ऑक्साइडचा थर बसतो, अवघा २ ते ४ नॅनोमीटर जाडीचा. १९४९मध्ये निकोलस काब्रेरा आणि नेव्हिल मॉट यांनी तो वाढायचा का थांबतो ते सांगितलं. धातूतले इलेक्ट्रॉन पातळ थर ओलांडून बाहेरच्या ऑक्सिजनला चिकटतात, थराच्या दोन बाजूंमध्ये प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते अ‍ॅल्युमिनियमच्या आयनांना बाहेर ओढतं. थर जाड झाला की क्षेत्र दुबळं होतं आणि वाढ थंडावते. हा थर पारदर्शक असतो. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे बनतात तोच हा पदार्थ, आणि पॉलिशच्या पांढऱ्या पावडरीतही बहुधा तोच असतो. अ‍ॅल्युमिनियमला घासतो तो त्याचाच ऑक्साइड!

टूथपेस्ट, लिंबू, कोला असे घरगुती उपाय हिरिरीने सांगितले जातात. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, तेवढाच तिचा गुण. आम्ल डाग काढेल, पण आम्लाने चरे भरत नाहीत. कॉस्टिक सोड्याचा क्लीनर तर धातूच खातो आणि पृष्ठभाग काळपट, खरबरीत करून ठेवतो. ‘नॅनो’ शब्द छापलेल्या महागड्या बाटल्यांना भुलण्याआधी हे लक्षात ठेवावं की नॅनोमीटर जाडीचं एक कवच अ‍ॅल्युमिनियमने स्वतःच, फुकट, घातलेलं आहे. बर्फाळ रस्त्यांवर टाकलेलं मीठ ते कवच जागोजागी फोडतं. त्यावर उपाय म्हणजे गोड्या पाण्याने धुणं आणि कोरडं करणं.

आता पोर्ट. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून मिश्रण आत येतं आणि धूर बाहेर जातो. समजा वाट ४० मिलिमीटर व्यासाची आहे आणि हवा सेकंदाला ६० मीटर वेगाने वाहते. भिंतीला लागून हवेचा एक संथ पापुद्रा असतो, तिथे भोवरे दबलेले असतात. नेहमीच्या सूत्रांनी त्याची जाडी साधारण २५ ते ३० मायक्रॉन येते. इंजिनातला प्रवाह धक्क्याधक्क्याने वाहतो, म्हणून हा आकडा ढोबळ धरा. पण भिंतीवरचे उंचवटे त्या पापुद्र्यात बुडालेले असतील तर बाहेरच्या हवेला ते जाणवतच नाहीत. प्रकाशाला २० नॅनोमीटर खुपतात, हवेला २० मायक्रॉनही खुपत नाहीत. हजारपटीचा फरक! ४०० नंबरचा पेपर मारल्यावर हवेचं समाधान झालेलं असतं. त्यापुढचं सगळं घासणं फक्त डोळ्यांसाठी. पोर्टचा आकार, वळणं आणि सांध्यावरची पायरी यांवर तोच वेळ खर्च करावा, तिथे खरा फरक पडतो. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या घुमटात मात्र गुळगुळीतपणाचा उपयोग आहे. काजळी धरायला कमी जागा मिळते आणि पुढच्या वेळी ती लवकर निघते.

काही जागी पॉलिश म्हणजे नुकसान. अनेक सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो. त्यावरच्या होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम बारीक घासून उमटवलेल्या, आडव्या-तिरप्या रेषा तेल धरून ठेवतात. त्या पुसल्या तर रिंग कोरड्या चालतील. पिस्टनच्या बाजूंवरच्या बारीक रेषाही त्याच कामाच्या. गॅस्केट बसते ती सपाट बाजू बफला लावली तर कडा गोल होतात आणि गळती सुरू होते.

बफिंग करताना मास्क हवाच, आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड लोखंड घासण्याच्या जागी साचू देऊ नये. हवेत उडालेली ही पूड ठिणगीने स्फोटासारखी पेट घेते, गंजाबरोबर मिसळली तर आणखी भडकते. आणि इंजिन जोडण्याआधी प्रत्येक भाग साबणाच्या गरम पाण्याने, ब्रशने, दोनदा धुवावा, तेलाची भोकंसुद्धा. कठीणपणाच्या मोह्स मापनात ९ असलेले पॉलिशच्या पावडरीतले ते पांढरे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि एकही आत राहिला तर तो बेअरिंगमध्ये आपलं कापण्याचं काम तसंच चालू ठेवतो.