बांगडा उष्ण नाही, दाह आपोआप विझत नाही

गुडघे दुखायला लागले की कोकणातल्या स्वयंपाकघरात पहिली गदा येते ती बांगड्यावर. ‘उष्ण पडतो, दाह वाढवतो’ असं म्हणून तो बंद होतो आणि रात्री हळदीचं दूध सुरू होतं. ही अदलाबदल नेमकी उलटी आहे. दाह म्हणजे अंगातली उष्णता नव्हे. प्रतिकारशक्तीच्या पेशींनी एखाद्या जागी जमून केलेलं काम म्हणजे दाह, आणि ते काम थांबवायला शरीराला जो कच्चा माल लागतो तो बांगड्यात भरपूर असतो, हळदीच्या दुधात नसतो.

आधी चांगला दाह पाहू. कालवं काढताना शिंपेची धार बोटाला लागते. तासाभरात बोट लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात दाहाची हीच चार लक्षणं लिहून ठेवली आहेत. जखमेजवळच्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात. तीन-चार दिवसांत सूज उतरते. हा दाह नसता तर साध्या कापण्यानेही माणूस दगावला असता.

दीर्घकालीन दाह यापेक्षा वेगळा. त्यात बहुधा लाली नसते, ठणकाही नसतो. यकृतात, रक्तवाहिनीच्या अस्तरात, पोटाच्या चरबीत, हिरड्यांत तो वर्षानुवर्षं धुमसतो. भाजावळीची आग शेतकऱ्याच्या नजरेखाली पेटते आणि काम झालं की विझते. धुमसणारा ओंडका मात्र बाहेरून काळा दिसतो, आत निखारा असतो. मधुमेह, हृदयविकार, फॅटी लिव्हर यांच्या मुळाशी हा निखारा असतो. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना इंटरल्युकिन-१ बीटा हा एकच दाहसंदेश अडवणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेला नंतरचे हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले. म्हणजे दाह सरसकट दाबून टाकणं हा उपाय नव्हे. तो वेळेवर थांबायला हवा. मग तो थांबतो कसा?

बराच काळ समजूत अशी होती की दाहाची रसायनं हळूहळू विरळ होतात आणि सूज आपोआप ओसरते. ही समजूत चुकीची निघाली. दाह थांबवणं ही स्वतंत्र, पेटवण्याइतकीच सक्रिय प्रक्रिया आहे. शरीरविज्ञानात याहून देखणी गोष्ट क्वचितच सापडेल, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रत्येक पेशीच्या आवरणात स्निग्धाम्लं बसवलेली असतात. त्यातलं एक ॲराकिडोनिक आम्ल, ओमेगा-६ गटातलं. इजा झाली की एक एन्झाइम हे आम्ल आवरणातून कापून मोकळं करतं. मग दोन वाटा फुटतात. कॉक्स हे एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका लागतो. दुसरं एन्झाइम, ५-लायपॉक्सिजनेज, ल्युकोट्राइन बनवतं. ते न्यूट्रोफिलना हाक मारतं. ॲस्पिरिन कॉक्सला अडवतं हे जॉन वेन यांनी १९७१मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना १९८२चं नोबेल बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं.

आता खरी गंमत. जमलेलं प्रोस्टाग्लँडिन ई-२ काही तासांनी त्याच न्यूट्रोफिलमधली एन्झाइमं बदलायला लावतं. १५-लायपॉक्सिजनेज तयार होऊ लागतं, आणि ज्या ॲराकिडोनिक आम्लापासून आतापर्यंत ल्युकोट्राइन बनत होतं त्यापासूनच लायपॉक्सिन बनू लागतं. लायपॉक्सिनचा निरोप एकच: नवे न्यूट्रोफिल आता येऊ नका. म्हणजे आग लावणारा रेणूच विझवणाऱ्यांना बोलावून ठेवतो. लायपॉक्सिन १९८४मध्ये सॅम्युएलसन यांच्यासोबत काम करणाऱ्या चार्ल्स सेरहान यांनी शोधलं. पुढे बोस्टनमध्ये सेरहान यांच्या गटाने उंदरांच्या पाठीवर मुद्दाम दाह निर्माण केला आणि तो ओसरत असतानाचा द्रव तपासला. इतरांचं लक्ष दाह चढत असतानाच्या द्रवाकडे असे, यांनी उतरतानाचा घेतला. त्यात नवे रेणू सापडले. २०००च्या आसपास सापडलेल्या या रेणूंना ‘रिझॉल्व्हिन’ नाव मिळालं. त्यांच्याच जातीचे प्रोटेक्टिन आणि मॅरेसिन पुढे मिळाले.

रिझॉल्व्हिनची कामं दोन. पहिलं, न्यूट्रोफिलचा ओघ बंद करणं. दुसरं जास्त महत्त्वाचं: मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या मोठ्या पेशींना मेलेले न्यूट्रोफिल गिळायला लावणं. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. काम झालं की शिस्तीत मरतात आणि ‘मला खा’ अशी खूण बाहेर लावतात. मॅक्रोफेजने त्यांना वेळेत गिळलं की त्याचा स्वभावच पालटतो, तो आयएल-१० (इंटरल्युकिन-१०) हा शांतीचा संदेश सोडतो आणि दुरुस्ती सुरू होते. वेळेत गिळलं नाही तर ती मृत पेशी फुटते, आतली जहाल एन्झाइमं सांडतात, त्याने शेजारच्या पेशी दुखावतात, पुन्हा धोक्याचा संदेश, पुन्हा नवे न्यूट्रोफिल. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या गाठीच्या पोटात मृत पेशींचा जो चिखल साठतो तो या सफाईच्या अपयशातूनच.

लायपॉक्सिन ॲराकिडोनिक आम्लापासून होतं, पण रिझॉल्व्हिन होतात ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ स्निग्धाम्लांपासून, प्रोटेक्टिन आणि मॅरेसिनही प्रामुख्याने डीएचएपासून. ही दोन्ही आपलं शरीर अगदी थोडी बनवतं. मासेसुद्धा ती मुळातून बनवत नाहीत. बनवतात ती समुद्रातली सूक्ष्म शेवाळं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक क्षारांचं पाणी वर येतं, शेवाळं फोफावतात आणि तारली ती गाळून खाते. म्हणून पावसाळ्यानंतरची तारली तेलाने भरलेली असते आणि उन्हाळ्यातली कोरडी लागते.

बाजारातली किंमत आणि ओमेगा-३ यांचा संबंध इथे उलटा आहे. पापलेटपेक्षा तारली, पेडवे आणि बांगडा या कामाला सरस, शिवाय आकाराने लहान असल्याने त्यांच्यात पारा कमी. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, गरोदर बाईने ती टाळावी. मात्रा सोपी आहे: आठवड्यातून दोनदा, दर वेळी माणशी मध्यम आकाराचा एक-दीड बांगडा.

इथे चूक होते ती तव्यावर. रवा लावून भरपूर तेलात तळलेला बांगडा स्वतःची चरबी काही प्रमाणात तेलात सोडतो आणि बदल्यात सूर्यफुलाचं, म्हणजे ओमेगा-६चं, तेल पितो. तेच तेल पुन्हा तापवलं की ऑक्सिडीकरण झालेली चरबी पोटात जाते. त्यापेक्षा तिखलं करावं. अर्धा किलो बांगड्याला आठ-दहा तिरफळं बिया काढून ठेचलेली, पाच-सहा सोलं, वाटलेली मिरची, हळद, मीठ आणि एक चमचा खोबरेल. रस आधी उकळून घ्यावा, तुकडे शेवटी सोडावेत आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवावेत. सुटलेली चरबी रशातच राहते, म्हणून रसही खावा. सुका खारा बांगडा रोजच्या जेवणासाठी नव्हे. त्यातल्या मिठाने रक्तदाब चढतो.

‘बांगडा बाधला, म्हणजे तो उष्णच’ या अनुभवामागेही रसायनशास्त्र आहे. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना काही तास राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. दोष बांगड्याचा नाही, उन्हात राहिलेल्या टोपलीचा आहे. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि दाबलेलं मांस पुन्हा वर येणारं असेल तरच घ्यावा, बर्फातून आणावा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावा.

मासे न खाणाऱ्यांसाठी जवस. १० ग्रॅम जवसात साधारण २ ग्रॅम एएलए हे ओमेगा-३ असतं, पण त्यातलं जेमतेम काही टक्केच ईपीएत उतरतं आणि डीएचएत त्याहूनही कमी. तरी रोज चमचाभर चटणी घ्यावी. अख्खं जवस न पचता निघून जातं, म्हणून हलकं भाजून कुटावं आणि किनाऱ्याच्या दमट हवेत खवट होतं म्हणून थोडं थोडं करून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवावं. शेवाळापासून काढलेलं डीएचए तेलही मिळतं.

कॅप्सूलबद्दल मात्र सबुरी हवी. ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ निरोगी प्रौढांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम माशाचं तेल दिलं. २०१८मध्ये निकाल आला तेव्हा हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू यांचा एकत्रित आकडा ठळकपणे कमी झाला नव्हता, कर्करोगही नाही. विझवण्याचं साहित्य घरात भरून काय उपयोग, जर कोणी मागून सारखी काडी लावत असेल? तेव्हा ती काडी शोधायला हवी.

सर्वांत मोठी काडी पोटाच्या आतल्या चरबीची. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की काही मरतात, मॅक्रोफेज त्यांच्याभोवती कडं करून बसतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ हे दाहाचे संदेश सोडत राहतात. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८०च्या पुढे गेली की ही शंका घ्यावी. मोजपट्टी बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पट्टी न आवळता. दुसरी काडी हिरड्यांची. मशेरी लावल्याने हिरड्या ‘घट्ट’ होत नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि दात घासताना रक्त येणं हा दाहच आहे. तिसरी, न्हाणीघरातल्या चुलीचा धूर. चौथी, तंतूंचा दुष्काळ. तंतू मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंचं अन्न, ते त्यापासून ब्युटिरेट बनवतात, आणि ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर जगतं. अस्तर विस्कटलं की जीवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात. पॉलिशच्या तांदळाचे दोन वेळचे भात आणि माशाचं कालवण एवढ्याने हे अस्तर पोसलं जात नाही. एका वेळी नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू), कुळथाची पिठी, पावटे, पालेभाजी आणावी. कमी तंतू खाणाऱ्याने एकदम वाढवू नये, पोट फुगतं. दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावं.

हालचालीचं कोडं मजेशीर आहे. काम करणारा स्नायूही आयएल-६ सोडतो, पण सोबत टीएनएफ नसल्याने तेच आयएल-६ उलट आयएल-१०सारखे शांतवणारे संदेश वाढवतं. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि जेवणानंतर १० मिनिटांची फेरी. रात्रीची सात तास झोप, ती मोबाईलविना.

आता हळद. तिच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के, म्हणजे ग्रॅमभर हळदीत ३० मिलिग्रॅम, आणि तेही रक्तात फारसं उतरत नाही. चाचण्यांत बहुधा ५०० ते १५०० मिलिग्रॅम वापरतात. मिरीतल्या पायपरीनने शोषण वाढतं खरं, पण अशा मिश्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीत हळद घाला, तिच्यावर सांधे सोडू नका. अमृत कोकम ‘पित्तशामक’ म्हणून दिवसातून तीनदा पिणारे साखरेचा पाक पितात. बिनसाखरेची सोलकढी बरी. आणि सांध्याला बिब्बा लावणं बंद करावं. बिब्ब्याचं तेल त्वचेत ॲलर्जीचा तीव्र दाह पेटवतं, फोड येतात, व्रण राहतो. गुडघ्यातला दाह तसाच राहतो, वर नवा जोडला जातो.

मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणाऱ्यांनी मघाचा प्रोस्टाग्लँडिनचा पलटाव आठवावा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॉक्स पूर्ण अडवल्यावर दाह ओसरायलाच उशीर झाला. मूत्रपिंड आणि जठरावरचा भार वेगळाच. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र स्वतःहून थांबवू नये. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, वजन विनाकारण उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल तर आहाराचे प्रयोग न करता आधी तपासणी करावी.

दाह मोजायचाच असेल तर एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी. सीआरपी हे यकृतात आयएल-६च्या सांगण्यावरून बनणारं प्रथिन. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली चांगलं, १ ते ३ मध्यम, ३च्या वर जास्त. १०च्या वर गेलं तर बहुधा कुठेतरी ताजा संसर्ग आहे, तो आकडा दीर्घकालीन दाहाचा धरू नये. म्हणून ताप, दात काढणं किंवा लस यानंतर दोन आठवडे तपासणी करू नये, आणि भातलावणीत चिखल्यांनी पाय कुजले असतील तर ते बरे होईपर्यंत थांबावं. पहिल्या आकड्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून सरासरी घ्यावी. पुढची तपासणी तीन-चार महिन्यांनी, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्या आवरणातली स्निग्धाम्लं पूर्ण पालटायला तेवढा वेळ लागतोच. नोव्हेंबरात बांगडा आणि नाचणी सुरू केली तर रक्त द्यायला जायचं ते शिमग्याच्या सुमारास.