पार्श्वभूमी : रीजन्सी काळातली फजितीची चित्रे

काटेकोर धरले तर रीजन्सी, म्हणजे इंग्लंडात आजारी राजाच्या वतीने युवराजाने कारभार पाहिला तो काळ, १८११ ते १८२०. पण फजितीच्या चित्रांतले, म्हणजे लोकांची टर उडवणाऱ्या छापील चित्रांतले, माझ्या मते सर्वांत सरस चित्र त्याआधीचे, फेब्रुवारी १८०८चे आहे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर, चित्रांच्या दुकानासमोर एक गृहस्थ घसरून पाठीवर आपटला आहे. खिशातली नाणी सांडली आहेत, हातातला थर्मामीटर मात्र शाबूत. दुकानाच्या काचेशी गर्दी आहे, पण सगळे त्याच्याकडे पाठ करून चित्रे पाहण्यात दंग. हे दुकान खरे होते. ते एक बाई चालवत आणि चित्रकार वरच्याच मजल्यावर राहत असे.

या चित्रांना सर्रास ‘एन्ग्रेव्हिंग’ म्हणतात, मराठीत ‘कोरीव चित्रे’. इथेच घोळ आहे. एन्ग्रेव्हिंगमध्ये टोकदार हत्याराने तांब्याच्या पत्र्यात एकेक रेघ हाताने कोरावी लागते आणि मोठ्या चित्राला आठवडेच्या आठवडे जातात. फजितीची बहुतेक चित्रे तशी झालेली नाहीत. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने कागदावर काढावे तसे चित्र काढायचे आणि पत्रा आम्लात ठेवायचा. मेण खरवडले गेले असेल तिथे आम्ल तांबे खाते. हे एचिंग. मग शाई, छपाई आणि हाताने रंग. रंगीत प्रत साधारण दोन शिलिंगांना, साधी त्याहून स्वस्त. १७३५च्या ज्या कायद्याने चित्रांना संरक्षण दिले, त्यातही एन्ग्रेव्हिंग आणि एचिंग हे शब्द वेगवेगळे आहेत. त्याच कायद्यामुळे पत्र्यावर प्रकाशनाची तारीख घालावी लागे, म्हणून आज चित्राचा नेमका दिवस सांगता येतो.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. एचिंग झटपट होते, म्हणूनच चार दिवसांची थंडी, एका हंगामाची टोपी, तंग कॉर्सेट आवळून घेणारे छानछोकी तरुण असले विषय परवडले. हाताने कोरत बसले असते तर चित्र बाजारात येईपर्यंत फॅशन बदलली असती.

१८१८च्या एका चित्रात राणीच्या दरबारातली दाटी आहे. बाहेर झग्याची कंबर छातीपर्यंत चढली होती, दरबारात मात्र जुन्या घेराची, म्हणजे झगा फुगवणाऱ्या आतल्या कड्यांची, सक्ती कायम. त्यामुळे घेर थेट काखेखालून सुरू होई आणि बाई घंटेसारखी दिसे. अशा दहा घंटा एका दारातून जाऊ लागल्या तर काय होईल, ते चित्रकाराने मनापासून दाखवले आहे. घेराची ही सक्ती नव्या राजाने १८२०मध्ये उठवली.

पुढे चित्र दुकानाच्या काचेतून साप्ताहिकात गेले. १८४१मध्ये लंडनला ‘पंच’ निघाले. आता ठसा लाकडाचा होता, कारण तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येई. ‘कार्टून’ शब्दाला आजचा अर्थ १८४३मध्ये तिथेच चिकटला, तोवर तो भित्तिचित्राच्या कच्च्या आराखड्याला वापरत. १८५४मध्ये मुंबईत ‘पारसी पंच’ आले. मराठी ‘व्यंगचित्र’ शब्दात कॅरिकेचर (व्यक्तीचे अतिशयोक्त चित्र) आणि कार्टून (छापून येणारे विनोदी चित्र) दोन्ही मावतात, त्यामुळे हा फरक आपल्याकडे सहज निसटतो.

जुन्या पत्र्यांवरून शतकाच्या मध्याला पुन्हा छपाई झाली, पण तोवर सभ्यतेच्या कल्पना आखडल्या होत्या. जी चित्रे कधीकाळी भर रस्त्यावर काचेत लागत, त्यांतली काही १८५१मध्ये वेगळ्या खंडात बाजूला काढून छापली गेली.