अँटी-वास्प अँटीबॉडीमागची गोष्ट

वास्प म्हटलं की आधी गांधीलमाशीच आठवते, पण लॅबच्या फ्रीजमध्ये 'अँटी-वास्प' लिहिलेली जी इवलीशी ट्यूब असते तिचा माशीशी काही संबंध नाही, ते नाव आलंय दोन बालरोगतज्ज्ञांवरून, विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम प्रोटीन (इंग्रजी आद्याक्षरं जोडून वास्प). ट्यूबमध्ये असते ती अँटीबॉडी, म्हणजे हे प्रोटीन हेरून त्याला चिकटणारा रेणू.

1937 साली जर्मनीत आल्फ्रेड विस्कॉटनी तीन भावांची केस लिहिली. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी, जुलाबातून रक्त, अंगभर एक्झिमा, कान सारखे फुटायचे, आणि बहिणी मात्र ठणठणीत. मग 1954 ला अमेरिकेत रॉबर्ट ऑल्ड्रिचनी एका घराण्याच्या पिढ्याच मांडून दाखवलं की हे आईकडून येतं आणि मुलग्यांना होतं, म्हणजे भानगड एक्स क्रोमोसोमवर. नक्की काय बिघडलंय हे कळायला त्यानंतर 40 वर्षं गेली. गंमत बघा, 1968 लाच या आजारासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून झालं होतं, प्रोटीनचा पत्ताही नसताना!

जीन सापडला 1994 ला. 502 अमिनो अ‍ॅसिडचं प्रोटीन, आणि ते फक्त रक्ताच्या पेशींत. दोन वर्षांत कळलं की ते सीडीसी42 या स्विचसारख्या प्रोटीनला चिकटतं आणि अ‍ॅक्टिनची (पेशीच्या सांगाड्याचे धागे) जुळवाजुळव करतं, मग त्या धाग्यांना फांद्या फोडणाऱ्या आर्प2/3 या प्रोटीनच्या गटाशी नातं लागलं. थोडक्यात टी सेलला (रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी) समोरच्या पेशीला नीट भिडायचं, सरकायचं तर आतला सांगाडा पटापट उभा करावा लागतो, त्याचा मुकादम हा.

आता मुकादम हजर आहे का हे बघायला अँटीबॉडी लागणारच. कोलर आणि मिलस्टाइननी 1975 ला मोनोक्लोनलची, म्हणजे हुबेहूब एकसारख्या अँटीबॉडी बनवायची युक्ती दिलेली होतीच. पण याचा एक चुलतभाऊ आहे, एन-वास्प, जवळपास सगळ्या पेशींत असतो आणि निम्माअधिक सारखा दिसतो, त्यामुळे दोघांत जो भाग वेगळा आहे तो धरणारी अँटीबॉडी नसेल तर सगळा घोळ. वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने हवं ते ओळखायची पद्धत) करणारा नवखा तर हमखास दचकतो, हिशेबाने 53 किलोडाल्टन (प्रोटीनच्या वजनाचं माप) आणि बँड दिसतो साठच्या वर, तर बाबा ती या प्रोटीनमध्ये भरपूर असलेल्या प्रोलीन या अमिनो अ‍ॅसिडची करामत आहे, अँटीबॉडी खराब नाही.

खरा फरक पडला तो फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे चमकणारी अँटीबॉडी लावलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडायच्या आणि चमक मोजायची. जपानी ग्रुप्सनी 1999 च्या आसपास हे बसवलं. प्रोटीन पेशीच्या आत असल्यामुळे आधी पेशी फिक्स करायच्या, मग पडद्याला भोकं पाडायची, मगच अँटीबॉडी आत जाते. किती पेशी किती चमकल्या याचा डोंगरासारखा आलेख येतो, निरोगी माणसाचा डोंगर स्क्रीनवर उजवीकडे सरकतो, आजारी मुलाचा डावीकडे कंट्रोलला (तुलनेसाठीचा, न चमकणारा नमुना) चिकटून बसतो. ट्रान्सप्लांटनंतर कधी दोन डोंगर दिसतात, एक दात्याच्या पेशींचा, एक मुलाच्या स्वतःच्या. थोडं रक्त पुरतं आणि जीन वाचायच्या आधीच अंदाज येतो. आपल्याकडे मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या राष्ट्रीय संशोधन संस्थेत जन्मजात इम्युनिटीच्या आजारांसाठी फ्लोचं काम चालतं.

पण 2001 मध्ये एक वेगळीच केस पुढे आली. याच जीनमधल्या एका बदलाने न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी होतात, आणि तिथे प्रोटीन गायब नसतं, उलट ते सतत चालूच राहतं. अशा मुलाचा डोंगर बघाल तर उजवीकडेच, अगदी नॉर्मल दिसणारा.