न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतोय? खोलायच्या आधी हे वाचा
आमच्या पिकअपवाल्या ग्राहकांसाठी

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. नारायणगावच्या मार्केटला क्रेट उतरवून गाडी रिकामी झालेली असते, इंजिन तापलेलं असतं. गाडी न्यूट्रलला उभी केली की खालून आवाज यायला लागतो, डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा. क्लच दाबला की गप्प, सोडला की पुन्हा सुरू. मग कोणीतरी सांगतं, "बॉक्स गेला, बेअरिंग बदला."

गेला असेलही. पण असल्या दहा गाड्यांमधल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचा बॉक्स आम्ही न खोलताच परत पाठवतो.

आवाज येतो कुठून

चार सिलिंडरचं डिझेल इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालतं, तेव्हा क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला १६००, सेकंदाला साधारण २७. प्रत्येक स्फोटाला क्रँक पुढे ढकलला जातो. पुढच्या सिलिंडरमधली हवा दाबताना तोच क्रँक अडतो. आपल्याला इंजिन एका लयीत फिरतंय असं वाटतं, पण आत ते दर सेकंदाला २७ वेळा धक्के खात पुढे जात असतं. डिझेलमध्ये हवा पेट्रोलपेक्षा बरीच जास्त दाबली जाते, म्हणून हे धक्केही कडक असतात. दोन सिलिंडरच्या छोट्या गाड्यांत, टाटा एसचं जुनं ७०२ सीसीचं इंजिन घ्या, एका फेऱ्यात एकच स्फोट. तिथे इंजिनाला श्वास घ्यायला मधे जास्त वेळ मिळतो आणि ते जास्त हलतं.

२००० आरपीएमला हेच धक्के इतके जवळजवळ येतात की फ्लायव्हीलचं, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या जड चाकाचं, वजन ते सहज गिळून टाकतं. आयडलला मात्र पुरतं गिळता येत नाही. म्हणून हा आवाज खालच्या आरपीएमचा.

आता बॉक्सच्या आत या. पुढे जायच्या सगळ्या गिअरच्या गराऱ्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. न्यूट्रलला त्यांच्यावर ओझं नसतं, नुसत्या फिरतात. दोन दात्यांमध्ये केसाच्या जाडीइतका प्ले, म्हणजे मोकळी फट, ठेवलेला असतो. तो लागतोच, नाहीतर तेल आत शिरणार कसं? इंजिनाचा धक्का आला की दाता पुढच्या दात्यावर आपटतो, क्रँक मंदावला की मागच्यावर. हीच ती खडखड. क्लच दाबला की धक्का बॉक्सपर्यंत पोचत नाही आणि आवाज थांबतो. सकाळी तेल गार आणि घट्ट असतं, गराऱ्यांना धरून ठेवतं, म्हणून सकाळी आवाज कमी. तापलं, पातळ झालं की वाढला.

थोडी खडखड नव्या गाडीतही असते. ती बंद करायच्या नादात पैसे घालवू नका.

घरच्या घरी ओळखायचं कसं

गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि काच खाली घ्या. पंखा, रेडिओ बंद. आता क्लच सावकाश दाबा.

दाबल्यावर आवाज गेला आणि तो सुटा-सुटा खडखडणारा होता, तर वर सांगितलेला प्रकार. दाबल्यावर गेला, पण तो एकसुरी घरघरीचा होता आणि रेस दिल्यावर त्याचा सूर चढत होता, तर इनपुट शाफ्टचं (क्लचकडून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तपासायला हवं. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर बॉक्सचा काही संबंध नाही, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बोलतंय. क्लच दाबून गिअर टाकून उभं असतानाच बारीक किंचाळी येत असेल तर पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं छोटं बेअरिंग.

चालत्या गाडीत एकाच गिअरला आवाज येत असेल तर त्याच गिअरचा दोष. सगळ्या गिअरला घुमतो आणि नेमका डायरेक्ट गिअरला (इंजिनाचा जोर सरळ पुढे जातो तो, बहुतेक पाच गिअरच्या पिकअपमध्ये चौथा) शांत होतो? मग ले-शाफ्टची, म्हणजे बॉक्समधल्या खालच्या जोड-दांड्याची, बेअरिंगं. डायरेक्ट गिअरला ले-शाफ्टवर ओझं येत नाही, म्हणून. ही एवढी एक गोष्ट तुम्ही आम्हाला येताना सांगितलीत तर आमचा अर्धा तास वाचतो.

मग वाढलेल्या खडखडीचं कारण काय

पहिला संशय क्लचप्लेटवर. प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा असतात त्या तुम्ही पाहिल्या असतील. मोठ्या स्प्रिंगा लोडच्या वेळी धक्का झेलतात. पण चांगल्या प्लेटमध्ये हबजवळ आणखी लहान, मऊ स्प्रिंगा असतात, त्या फक्त आयडलसाठी. त्यांचंच काम ही खडखड अडवणं. त्या मोडल्या, किंवा बदली प्लेटमध्ये मुळातच नसल्या, तर दुसऱ्या दिवसापासून बॉक्स वाजायला लागतो.

ओतूरकडचे एक काका गेल्या वर्षी गाडी घेऊन आले. दुसरीकडे दोनदा बॉक्स खोलून झाला होता, बेअरिंगचे दोन सेट बसवून झाले होते, आवाज जागचा हलला नव्हता. आम्ही बॉक्स उतरवला आणि न खोलता बाजूला ठेवला. प्लेट काढून टेबलावर ठेवली, शेजारी नवी ठेवली. जुनीत चार जाड स्प्रिंगा आणि हब घट्ट, हाताने जराही फिरत नव्हता. नवीचा हब हातातच दोन्हीकडे थोडा मऊ फिरायचा. काकांनी दोन्ही हातात घेऊन फिरवून पाहिल्या आणि म्हणाले, "एवढंच?" एवढंच. प्लेट बदलली आणि बॉक्स आहे तसाच पुन्हा चढवला.

दुसरं कारण इंजिन. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा एखादा नोझल कमी डिझेल देत असेल तर चारपैकी एक स्फोट लुळा पडतो, इंजिन लंगडतं आणि त्या लंगडण्याचा आवाज बॉक्समधून ऐकू येतो. आरसा थरथरतो, सायलेन्सरमधून फट्-फट् होते. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री एकेका नोझलचा पाइप सैल करून लंगडा सिलिंडर शोधायचे. कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या नव्या गाडीत) हे कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका. त्या पाइपांत शेकडो बार दाब असतो, फवारा कातडीतून आत जातो. तिथे स्कॅनर लावूनच बघायचं. आयडल घसरलं असेल तरी असंच होतं. जुन्या पंपावर ते स्क्रूने सुधारतं, नव्या गाडीत ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, म्हणून तिथे स्क्रू शोधत बसू नका.

तिसरं, फ्लायव्हील. काही नव्या गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील येतं आणि त्याची क्लचप्लेट बहुधा बिनस्प्रिंगची असते. खर्च वाचवायला ते काढून साधं भरीव फ्लायव्हील बसवतात. बसवा, पण सोबत स्प्रिंगवाली प्लेट हवीच. भरीव फ्लायव्हील आणि बिनस्प्रिंगची प्लेट ही जोडी म्हणजे प्रत्येक धक्का थेट गराऱ्यांवर.

तेल

आवाज दाबायला काही जण बॉक्समध्ये नेहमीच्या ८०डब्ल्यू-९० च्या जागी जास्त घट्ट १४० नंबरचं तेल भरतात. आवाज कमी होतो हे खरं. पण थंडीत पहाटे पाचला निघालात तर दुसरा गिअर टाकताना खांदा दुखेल. आणि झिजलेलं बेअरिंग असेल तर ते झाकलं जाऊन शाफ्टसकट जाईल. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा) लिहिलं असेल तर तेच घ्या. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवत नाहीत.

तेल काढताना आमच्याजवळ उभे राहा. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी, लोण्यासारखा थर असतो, त्याची काळजी नको. नखात टोचणारे तुकडे निघाले तर मात्र बॉक्स खोलावाच लागेल. तेलात सोनेरी चमचम दिसली तर ती सिंक्रो रिंगांची.

चालवताना

साठ क्रेट म्हणजे १२०० किलो टोमॅटो, क्रेटचं वजन वेगळं. एवढं घेऊन घाट चढताना डिझेल वाचवायला वरच्या गिअरला ११००-१२०० आरपीएमवर गाडी रेटायची सवय बऱ्याच जणांना आहे. डिझेल फारसं वाचत नाही, प्लेटच्या स्प्रिंगा आणि बेअरिंगं मात्र मार खातात. आरपीएमचा काटा नसेल तर गिअर लिव्हरवर क्षणभर तळवा ठेवा. थरथर मनगटापर्यंत आली की एक गिअर खाली घ्या. बघून झालं की हात काढा, लिव्हरवर हात टेकवून गाडी चालवली की गिअर सरकवणारा आतला फोर्क घासतो.

आमच्याकडे येताना

गाडी तापवूनच आणा, गार इंजिनावर आवाज लपतो. क्लचचं काम आधी कुठे केलं असेल तर प्लेटचं बिल किंवा खोका सोबत असू द्या. ऐकणं आणि क्लच तपासणं याचे आम्ही पैसे घेत नाही. बॉक्स उतरवायचा ठरला तर आधी तुम्हाला फोन करतो, आणि काढलेले सगळे जुने पार्ट पोत्यात भरून तुमच्याच गाडीत ठेवतो.